स्मरणशक्तीच्या कॅप्सूलआधी कान, रक्तदाब आणि बी-१२

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

स्मरणशक्ती वाढवणाऱ्या कॅप्सूल, तेले आणि चूर्णे यांच्या जाहिराती सध्या मोबाइलवर दिसतात, वर्तमानपत्रांतही येतात. फार्मसीच्या काउंटरवर त्यांचा परिणाम रोज जाणवतो. सत्तरीतल्या वडिलांसाठी दर महिन्याला महागड्या बाटल्या नेणाऱ्या मुलाला, वडिलांचा रक्तदाब शेवटचा कधी मोजला, हे सांगता येत नाही. बी-१२ जीवनसत्त्व कधी तपासलेलेच नसते. त्यांना कमी ऐकू येते हे घरात सगळ्यांना ठाऊक असते, पण 'वय झाले' म्हणून विषय सोडून दिलेला असतो. उतारवयातले विस्मरण लांबवण्यासाठी करण्यासारखे पुष्कळ आहे. आपल्याकडे त्याचा क्रम उलटा लागला आहे, म्हणून हे पत्र.

गोव्याने हा विषय मनावर घ्यायला कारण आहे. २०११ च्या जनगणनेत राज्यातले ११.२ टक्के लोक साठीच्या पुढचे होते. राज्यांमध्ये आपल्याहून वर केवळ केरळ होते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण, २६.४ टक्के, गोव्यातच आढळले. साठीपुढच्या भारतीयांत डिमेन्शियाचे, म्हणजे स्मरण आणि विचारशक्ती ढासळत जाण्याच्या आजाराचे, प्रमाण ७.४ टक्के असल्याचा राष्ट्रीय अभ्यासही त्याच वर्षी आला. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये टाळता येण्याजोगी १४ कारणे मांडली: कमी शिक्षण, बहिरेपणा, वाढलेले एलडीएल कोलेस्टेरॉल, नैराश्य, डोक्याला मार, हालचालीचा अभाव, मधुमेह, धूम्रपान, उच्च रक्तदाब, लठ्ठपणा, अतिमद्यपान, एकटेपणा, प्रदूषित हवा आणि उपचारांविना राहिलेली अधू दृष्टी. ही सगळी दूर झाली तर जगातले सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया टळू शकतील किंवा लांबणीवर पडतील, असा आयोगाचा अंदाज आहे. हा हिशेब समाजाचा आहे, एका माणसाचा नव्हे. सगळे नीट सांभाळूनही अल्झायमर होऊ शकतो, आणि झाला तर त्यात त्या माणसाचा किंवा घरच्यांचा काही दोष नसतो. मात्र या १४ कारणांत 'अमुक कॅप्सूल घेतली नाही' असे एकही कारण नाही, एवढे लक्षात ठेवावे.

सुरुवात रक्तदाबापासून करावी. चाळिशीपासूनच वरचा आकडा १३० च्या आसपास किंवा खाली ठेवावा, असे हा आयोग सांगतो. अमेरिकेत २०१९ मध्ये जाहीर झालेल्या 'स्प्रिंट माइंड' चाचणीत वरचा आकडा १४० ऐवजी १२० खाली आणण्याचा प्रयत्न ज्यांच्यावर झाला, त्यांच्यात सौम्य विस्मरणाचे प्रमाण १९ टक्के कमी निघाले. मेंदूतल्या केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या जास्त दाबाने वर्षानुवर्षे खराब होत जातात. बाहेर काही दिसत नाही, म्हणून माणूस गोळी सोडतो. 'आता नॉर्मल आले, गोळी बंद केली' हे वाक्य फार्मसीत नेहमी ऐकू येते. ते नॉर्मल गोळीमुळेच आलेले असते.

घरी यंत्र असूनही मोजण्यात चुका होतात. मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, विडी नको. लघवीला जाऊन यावे. पाठीला टेका देऊन, दोन्ही पाय जमिनीवर टेकवून पाच मिनिटे शांत बसावे. कफ उघड्या दंडावर, बाहीवर नव्हे, आणि दंड टेबलावर छातीच्या उंचीला टेकलेला असावा. हात खाली लोंबत असेल, कफ दंडाला लहान पडत असेल किंवा मोजताना गप्पा चालू असतील, तर आकडा खोटाच वर जातो. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजावे, असे सकाळ-संध्याकाळ सात दिवस करावे, पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढावी. घरी ती १३५/८५ किंवा वर येत असेल तर डॉक्टरांना दाखवावी. ज्येष्ठांचा दाब उभे राहिल्यावरही मोजावा. उभे राहताच वरचा आकडा २० किंवा अधिक उतरत असेल तर चक्कर येऊन पडण्याचा धोका असतो आणि औषधाचा डोस बदलावा लागतो.

मधुमेहात वाढलेल्या साखरेची भीती सगळ्यांना असते. उतरलेल्या साखरेची असायला हवी तितकी नसते. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्या आजी एकादशीला किंवा श्रावणी सोमवारी उपास करतात, गोळी मात्र नेहमीप्रमाणे घेतात. दुपारी घाम, थरथर, असंबद्ध बोलणे सुरू होते, आणि घरचे म्हणतात की वयाने विसरायला लागल्या. साखर अशी वारंवार उतरणे मेंदूला घातक असते. उपास करायचाच असेल तर त्या दिवशीचा डोस डॉक्टरांना आधी विचारून ठेवावा आणि घरात ग्लुकोज असू द्यावे. नातवाची एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारी तपासणी) ६.५ असावी म्हणून आजीचीही तेवढीच असावी असे नाही. बऱ्या प्रकृतीच्या ज्येष्ठांना ७ ते ७.५ आणि थकलेल्या, अनेक आजार असलेल्यांना ८ पर्यंत, असे डॉक्टर साधारणपणे धरतात.

आता कान. १४ कारणांत बहिरेपणाचा वाटा मोठ्यांपैकी आहे, आणि आपल्याकडे सर्वांत जास्त हेळसांड त्याचीच होते. अर्धवट ऐकू आलेले शब्द जुळवण्यातच मेंदूची शक्ती खर्च होते, ऐकलेले लक्षात ठेवायला थोडीच उरते. मग माणूस लग्नकार्यात कोपरा धरतो आणि बोलणे कमी करतो. २०२३ च्या 'अचीव्ह' चाचणीत ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांना तीन वर्षे पाहिले. सर्वांचा एकत्र हिशेब केला तर श्रवणयंत्राने फरक पडला नाही. पण ज्यांना विस्मरणाचा धोका आधीपासून जास्त होता त्यांच्यात ऱ्हासाचा वेग ४८ टक्क्यांनी कमी झाला. म्हणजे रक्तदाब, मधुमेह असलेल्या आणि ऐकू कमी येणाऱ्या आपल्या ज्येष्ठांनी तर हे मनावर घ्यायलाच हवे.

पहिली गोष्ट, कानातला मळ डॉक्टरांकडून काढून घ्यावा. काडी घालू नये, तिने मळ आत ढकलला जातो. मग ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी. ही तपासणी बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) होते. दुकानात नुसता आवाज मोठा करणारे स्वस्त यंत्र मिळते, त्याने भांड्यांचा खणखणाटही तितकाच वाढतो आणि चार दिवसांत ते कपाटात जाते. यंत्र प्रत्येक कानाच्या तपासणीनुसार लावून घ्यायचे असते, आणि दोन्ही कान अधू असतील तर दोन्हींना. सुरुवातीला शांत खोलीत रोज एक-दोन तास, मग हळूहळू दिवसभर. 'पाहुणे आले की लावीन' म्हटले की सवय होत नाही, कारण विसरलेले आवाज पुन्हा ओळखायला मेंदूला काही आठवडे लागतात. शीळ वाजत असेल तर साचा नीट बसलेला नसतो किंवा कानात मळ असतो. बटनसेल हवेवर चालतो: स्टिकर काढल्यावर एखादा मिनिट उघडा ठेवून मग बसवावा, स्टिकर परत चिकटवून सेल वाचत नाही. रात्री सेलचे झाकण उघडे ठेवावे. गोव्याच्या पावसाळ्यात यंत्र घामाने आणि दमटपणाने बिघडते, तेव्हा रात्री ते सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या डबीत ठेवावे. पैशांची अडचण असलेल्या ज्येष्ठांसाठी केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून आहे. तिच्यात श्रवणयंत्र आणि चष्माही मिळतो. मोतीबिंदूबद्दल वेगळे सांगत नाही, तो काढून घेण्यात लोक आता मागे राहत नाहीत.

गोळ्यांपैकी जिच्यामुळे खरोखर विस्मरण मागे हटलेले दिसते ती बी-१२, आणि तेही कमतरता असेल तरच. 'आम्ही मासे खातो, आम्हाला कसली कमतरता' हा गोव्यातला नेहमीचा गैरसमज आहे. बांगडा, तारले, विशेषतः तिसऱ्या यांत बी-१२ भरपूर असते हे खरे. पण अन्नातले बी-१२ सुटे व्हायला पोटात आम्ल लागते, आणि उतारवयात ते कमी होते. त्यावर पित्तासाठी पँटोप्राझोल वर्षानुवर्षे चालू असेल तर आणखी कमी. मधुमेहाची मेटफॉर्मिनही बी-१२ चे शोषण घटवते. गोव्यातल्या कित्येक घरांत या दोन्ही गोळ्या एकाच डब्यात असतात. अशांनी, पूर्ण शाकाहारी ज्येष्ठांनी, आणि तळपायाला मुंग्या येणाऱ्या किंवा चालताना तोल जाणाऱ्या सर्वांनी रक्त तपासून घ्यावे. रक्तात मिलिलिटरमागे २०० पिकोग्रॅमखाली कमतरता धरतात. २०० ते ३०० च्या मध्ये असेल तर डॉक्टर होमोसिस्टीनसारखी आणखी तपासणी सांगतात. चाचणी गोळ्या सुरू करण्यापूर्वी करावी. नंतर आकडा वर दिसतो आणि मूळ कमतरता किती होती ते कळत नाही. केवळ फॉलिक ॲसिड घेऊ नये. त्याने रक्त सुधारते, पण बी-१२ अभावी होणारी नसांची हानी आतून चालूच राहते.

कमतरता असेल तर रोज १००० मायक्रोग्रॅमची गोळी बहुतेकांना पुरते. गोळीतले बी-१२ सुटेच असते, त्याला आम्ल लागत नाही, आणि इतक्या मोठ्या मात्रेतला साधारण एक टक्का आतड्यातून आपोआप शिरतो. कमतरता तीव्र असेल, हातापायांत लक्षणे असतील तर इंजेक्शनने सुरुवात करतात. साध्या बी-कॉम्प्लेक्समध्ये बी-१२ अनेकदा मोजक्याच मायक्रोग्रॅममध्ये असते, तेव्हा पाकिटावरचा आकडा वाचावा. आणि एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. 'नसांची गोळी' म्हणून मिळणाऱ्या अनेक पाकिटांत मिथाइलकोबालामिनबरोबर (हे बी-१२ चेच एक रूप) प्रीगॅबालिनही असते. ते जीवनसत्त्व नव्हे. त्याने झोप येते, तोल जातो, बुद्धीवर धुके येते. डॉक्टरांनी एका दुखण्यासाठी महिनाभर दिलेली ही गोळी व्हिटॅमिन समजून वर्षभर घेतली जाते. घरातल्या ज्येष्ठांचे पाकीट आजच उलटून पाहावे. थायरॉइड मंदावल्यानेही विस्मरण येते, म्हणून बी-१२ बरोबर टीएसएच ही थायरॉइडची तपासणी करून घेणे बरे.

बाकीच्या बाटल्यांचे काय? जिंको बिलोबा या झाडाच्या पानांच्या अर्काची मोठी चाचणी २००८ मध्ये संपली: ३०६९ ज्येष्ठ, १२० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सुमारे सहा वर्षे. डिमेन्शिया कमी झाला नाही. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफरिन घेणाऱ्यांना जिंकोने रक्तस्रावाचा धोका मात्र वाढू शकतो. ओमेगा-३ कॅप्सूलने सुमारे साडेतीन हजार ज्येष्ठांत पाच वर्षांनीही स्मरणात फरक पडला नाही, असे २०१५ मध्ये दिसले. साध्या मल्टिव्हिटॅमिनची गोष्ट जरा वेगळी आहे. अमेरिकेतल्या 'कॉसमॉस' अभ्यासात साठीपुढच्या लोकांत रोजच्या गोळीने स्मरणाच्या चाचण्यांत किंचित सुधारणा दिसली. डिमेन्शिया टळतो असे त्यातून सिद्ध झालेले नाही, पण जेवण कमी झालेल्या ज्येष्ठांनी साधी, स्वस्त गोळी घ्यायला माझी हरकत नाही. ब्राह्मीच्या अर्काच्या (बहुधा रोज ३०० मिलिग्रॅम, १२ आठवडे) छोट्या चाचण्यांत थोडा फायदा दिसला आहे. काहींना मळमळ आणि पोटात कळ येते. डिमेन्शिया टाळण्याचा पुरावा तिथेही नाही.

ड जीवनसत्त्वाचे ६०,००० युनिटचे पाकीट हे सर्वांत धोक्याचे वाटते, कारण ते निरुपद्रवी समजले जाते. ते बहुधा आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, असे लिहून दिलेले असते. काही जण ते रोज घेतात, काही जण आठवड्याचा क्रम वर्षभर चालू ठेवतात. रक्तातले कॅल्शियम वाढते; तहान, बद्धकोष्ठता, उलट्या आणि गोंधळलेपणा येतो, मूत्रपिंड बिघडतात. विस्मरण टाळायला घेतलेले औषधच माणसाला भ्रमात टाकते. पाकिटावर घ्यायच्या तारखा पेनने लिहून ठेवाव्यात.

लेबल कसे वाचावे तेही सांगतो. पूरक आहाराच्या बाटलीवर एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी परवाना आणि 'औषधी वापरासाठी नाही' अशा अर्थाची इंग्रजी ओळ असते, बहुधा अगदी बारीक अक्षरांत. म्हणजे पुढच्या बाजूला मेंदूचे चित्र असले तरी ते औषध म्हणून तपासले गेलेले नाही. घटकांच्या यादीत प्रत्येकाचे प्रमाण दिलेले नसून नुसते 'मिश्रण ५०० मिलिग्रॅम' असेल तर ती बाटली परत ठेवावी.

नवे काही घेण्याआधी, चालू गोळ्यांपैकी कुठल्या बुद्धी मंद करतात ते पाहणे अधिक फायद्याचे ठरते. सर्दीच्या गोळीतले क्लोरफेनिरामाइन, खाजेवरचे जुने हायड्रॉक्सिझिन, लघवी रोखणारे ऑक्सिब्युटिनिन, झोपेसाठीचे अमिट्रिप्टिलिन, तसेच अल्प्राझोलाम आणि क्लोनाझेपाम. यांतली शेवटची दोन एकदम बंद करू नयेत; झटके येऊ शकतात. डॉक्टरांच्या सांगण्यानुसार काही आठवड्यांत उतरवावी लागतात. सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून वर्षातून एकदा डॉक्टरांसमोर ठेवाव्यात. रोज दारू पिणाऱ्याला थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) कमी पडते आणि स्मरणावर थेट घाव बसतो. त्यानेही दारू एका दिवसात सोडण्यापूर्वी डॉक्टरांना भेटावे.

जेवणाच्या बाबतीत गोव्याचे ताट मुळात वाईट नाही. आठवड्यातून दोन-तीनदा तारले किंवा बांगडा, पण रव्यात घोळवून तळण्याऐवजी हुमणात (माशांच्या आमटीत) किंवा तव्यावर थोड्या तेलात. नेहमीच्या १००० मिलिग्रॅमच्या फिश ऑइल कॅप्सूलमध्ये कामाचे ओमेगा-३ साधारण ३०० मिलिग्रॅम असते. एका वेळच्या तारल्यांत त्याहून कितीतरी जास्त मिळते. तांबडी भाजी, आळसांदे (चवळी), मूग, मूठभर शेंगदाणे हे रोजचे. अडचण मिठाची आहे. १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत ताजी मासळी महागते आणि खारवलेला बांगडा, सुकी सुंगटे (कोळंबी), मिस्कूट (कैरीचे लोणचे), पापड हेच पेजेबरोबर येतात. दिवसाचे मीठ सगळे मिळून पाच ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर, असावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ते एका खाऱ्या बांगड्यात आणि लोणच्याच्या फोडीतच संपू शकते. सुके मासे तासभर पाण्यात भिजवून पाणी दोनदा टाकले तर मीठ बरेच उतरते. त्या दोन महिन्यांत अंडी आणि कडधान्यांवर भर द्यावा.

चालणे आठवड्याला १५० मिनिटे, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगाने. ते पावसाळ्यात बंद पडते, आणि बंद पडले नाही तर शेवाळलेल्या चिऱ्यांवरून घसरून डोक्याला मार बसतो. जून ते सप्टेंबर घरच्या सोप्यात किंवा देवळाच्या सभामंडपात चालावे. हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठणे, स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून टाचा उचलणे, हे आठवड्यातून दोन-तीनदा केले तर पायांत बळ राहते.

हे एकट्याने फार दिवस टिकत नाही. अमेरिकेच्या 'पॉइंटर' चाचणीत (२०२५, ६० ते ७९ वयाचे २१११ लोक) दोन वर्षांत ३८ वेळा गटाने भेटणाऱ्यांची प्रगती, केवळ सूचना घेऊन आपापले करणाऱ्यांपेक्षा जास्त झाली. खुद्द गोव्यात साठीपुढच्या १८१ लोकांवर झालेली आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी तर आपल्याला अभिमान वाटावा अशी आहे. प्रशिक्षण दिलेल्या सामान्य कार्यकर्त्यांनी अडचणी सोडवायला, झोप आणि मधुमेह सांभाळायला मदत केली, आणि वर्षभरात नैराश्य येण्याचे प्रमाण १४.४ ऐवजी ४.४ टक्के राहिले. मुले परदेशात, मोठ्या घरात दोघे किंवा एकच जण, ही स्थिती गावोगावी आहे. भजनी मंडळात नवा अभंग पाठ करणे, गावच्या नाटकात छोटी भूमिका घेणे यात आठवण, ऐकणे, चालणे आणि सोबत सगळेच येते. मोबाइलवरच्या कोड्यांपेक्षा मला ते मोलाचे वाटते.

चावी विसरणे आणि चावी कशासाठी असते हे विसरणे यांत फरक आहे. ओळखीच्या वाटेवर चुकणे, पैशांचा हिशेब न जमणे, तोच प्रश्न तासाभरात पुन्हा पुन्हा विचारणे, असे काही महिन्यांत वाढत असेल तर डॉक्टरांची वेळ घ्यावी. बांबोळीला गोमेकॉ आणि आयपीएचबी (मानसोपचार संस्था) दोन्ही आहेत. गोंधळ दोन-तीन दिवसांत अचानक आला असेल तर मात्र त्याच दिवशी इस्पितळ गाठावे. बहुधा लघवीचा संसर्ग, उतरलेली साखर किंवा रक्तदाबाच्या लघवी वाढवणाऱ्या गोळीने खाली आलेले सोडियम हे कारण असते, आणि ते बरे होते.

आरोग्य खात्याला विनंती की प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात महिन्यातला एक दिवस ज्येष्ठांसाठी ठरवावा: बसून आणि उभे राहून रक्तदाब, कानातला मळ काढणे, ऐकण्याची प्राथमिक तपासणी, मेटफॉर्मिन किंवा पँटोप्राझोल दीर्घकाळ घेणाऱ्यांचे बी-१२, आणि गोळ्यांच्या पिशवीची छाननी. यासाठी नवी इमारत लागत नाही.

आणि आपल्याला, संपादक महोदय, एक विनंती. औषधे आणि जादुई उपचार यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींबाबतच्या १९५४ च्या कायद्यात मेंदूचे विकार, बहिरेपणा आणि मधुमेह हे तिन्ही जाहिरातबंदीच्या यादीत आहेत. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे. विस्मरण बरे करण्याचा दावा करणारी जाहिरात स्वीकारण्यापूर्वी जाहिरात विभागाने ही यादी पाहावी, आणि ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ व मानसिक आरोग्याची टेलिमानस १४४१६ हे दोन क्रमांक आरोग्याच्या पानावर ठळकपणे छापावेत.

आपला,
एक फार्मासिस्ट, फोंडा